हिराच्या हिश्शाचं टिपण

छे, छे, छे! मला नका सांगू बॅकअप म्हणजे काय ते! ज्याला त्याला मलाच शिकवायचंय! परवा बँकेतला तो पासबुक छापणारा, काल दवाखान्यातला कंपाउंडर, आणि आज तुम्ही... 'काका, बॅकअप घ्यायचा होता हो आधी.' अहो, घेतला होता! तीन प्रतींत घेतला होता! एक फ्लॉपीवर, एक कागदावर, लॅमिनेशन करून, आणि एक लेकीकडं तळेगावला, तिच्या लोखंडी कपाटात, फ्लॅटच्या खरेदीखताखाली! चौतीस वर्षं मोजणी खात्यात काढलीत मी. दप्तर कसं ठेवायचं हे मला शिकवता? दप्तर पक्कं आहे माझं!

बसा. बसा हो, उभ्यानं ऐकण्यासारखं नाही ते.

तर तुम्हाला सांगतो, मी राजेंद्र, रिटायर्ड भूकरमापक. म्हणजे सरकारी मोजणीदार. आधी साखळी ओढून आणि मग ते तिकाटण्यावरचं यंत्र डोक्यावर घेऊन अख्खा मावळ पालथा घातला. आमच्या टाकवे बुद्रुकपासून सासुरवाडीच्या सुदुंबऱ्यापर्यंत असा एक बांध नाही, जिथं माझ्या चपलेचा अंगठा तुटला नाही! आणि मावळात जमिनीचं काय असतं ते मी तुम्हाला काय सांगू? सख्खा भाऊ दर नांगरटीला वीतभर बांध कोरतो. आणि वर तुंगार्लीत बंगलेवाल्यांचं कंपाउंड दर दिवाळीला पाऊलभर पुढं चालतं. भिंत चालते हो! 'ते गवंड्यानं चुकून केलं,' म्हणे. दरवर्षी चुकून, आणि दरवर्षी तळ्याच्याच बाजूला! मग मी जायचं, जुनं टिपण उघडायचं, म्हणजे मोजणीचा तो आकड्यांचा कागद, आणि खुणेचा दगड जिथला तिथं परत रोवायचा. चौतीस वर्षांत एक दगड इंचभर इकडचा तिकडं केला नाही मी. दुसऱ्याच्या हद्दीत पाय टाकायचा नाही, हा माझा नियम. हिरा म्हणायची, 'नियम कसला, रोग आहे तो.'

हिरा म्हणजे माझी बायको. होती. दोन वर्षं झाली मार्चमध्ये.

तर तो कॉम्प्युटर. सत्त्याण्णव साली घेतला. लेक अनघा तेव्हा दहावीत, तिच्या शिक्षणासाठी म्हणून पुण्याहून इथं लोणावळ्याला आणला, जीपमध्ये मांडीवर मॉनिटर घेऊन, खंडाळ्याला निघालेल्या पाहुण्यासारखा मी बसलेलो! जोडायला माणूस आला, म्हणाला, 'साहेब, हार्ड डिस्क सव्वा जीबीची आहे, मोठी आहे.' आता तुमच्या फोनमधल्या एका हळदीच्या व्हिडिओला पुरायची नाही, पण तेव्हा मोठी होती. म्हणाला, 'हिचे दोन भाग पाडतो. सी आणि डी. पार्टिशन म्हणतात.' मी खुर्चीत ताठ झालो ना! भाग पाडणार? माझ्या घरात? आणि मला न विचारता? म्हटलं, बाबा रे, समान पाड, हद्द नीट पाड, आणि मध्ये सामाईक काही ठेवू नकोस, पुढं कोर्टात जातात लोक!

तेवढ्यात हिरा आतून आली, हाताला पीठ तसंच. 'दुसरा भाग कुणाचा?'

म्हटलं, 'घरचाच.'

'घरचा म्हणजे तुमचाच! टाकव्याची जमीन तुमच्या नि तुमच्या भावांच्या नावावर. हे घर तुमच्या नावावर. गॅस तुमच्या नावावर. रेशनकार्डावर पहिले तुम्ही. माझ्या नावावर ह्या घरात काय आहे हो? नाकातली चमकी! ह्या डबड्यात तरी एक तुकडा माझ्या नावावर करा.'

अहो, बरोबर होतं तिचं! सगळ्या दुनियेचे हिस्से मोजत फिरलो आणि हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तिथल्या तिथं डी तिच्या नावावर! त्या माणसानं नावसुद्धा घातलं त्या भागाला, हिरा म्हणून, इंग्रजी चार अक्षरांत. आणि मी शब्द दिला. 'हिरा, तुझ्या हिश्शात मी कधी पाऊल टाकणार नाही.' ती हसली. मला वाटलं, खूश झाली.

आता हे ऐका. हिरा मराठी टायपिंग पास! चाळीसचा वेग! लग्नाआधी परीक्षा दिलेली, सर्टिफिकेट फ्रेम करून आणलं होतं सासरी, पण नोकरीचं पत्र यायच्या आत लग्नपत्रिका छापली आणि पुढं सोळा वर्षं ती बोटं माझ्या भाकऱ्या थापत राहिली. त्या बोटांना कीबोर्ड मिळाल्यावर काय व्हायचं? आमचं भांडण झालं, की हिरा बोलायचीच नाही. एक अक्षर नाही! पदर खोचून कॉम्प्युटरपुढं बसायची, आणि मग... खडखडखडखडखड! मी पलीकडच्या खोलीत तोंडापुढं पेपर धरून बसलेलो, पण कान सगळा तिकडं. वेगावरून कळायचं हो मला! तीसचा वेग म्हणजे किरकोळ, कोथिंबीर विसरलो वगैरे. चाळीसच्या वर गेला, की माझ्या आईवर आलंय. आणि मधेच थांबायची. ते थांबणं वाईट. पंखा ऐकू यायचा. मग खट्‌कन एक बटण, बहुधा पूर्णविराम, आणि स्वयंपाकघरातून हाक, 'चला जेवायला.' भांडण मिटलं! असा संसार केला आम्ही सव्वीस वर्षं.

आणि मी वाचलं का कधी? नाही! शपथ घेऊन सांगतो, नाही! ना पासवर्ड, ना कुलूप. ती माहेरी जायची आठ-आठ दिवस, घरात मी एकटा, समोर यंत्र चालू, एक बटण दाबायचा अवकाश, आणि मी आपला माझ्या सीमध्ये पत्ते खेळतोय! लाल राणी काळ्या राजावर! मन म्हणायचं, बघ की जरा, कोण बघतंय? मी म्हणायचो, बांध कोरणारा प्रत्येक जण हेच म्हणतो!

पुढं अनघाला नोकरी लागली, तिनं लॅपटॉप आणला आईला. हिरानं हात लावला नाही. म्हणाली, 'माझा हिस्सा इकडं आहे. तिकडं माझं कोण आहे?' मग काय, ते सत्त्याण्णवचं म्हातारं जगवायचं आलं! आणि लोणावळ्यात जगवायचं म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळायचं नाही. इथं चार महिने कपाटातल्या कोटाला बुरशी येते, चपलेला येते, माणूस एका जागी फार वेळ बसला तर त्याला येईल! कपाटात पेटता बल्ब ठेवतो ना आपण, तसा मी त्या कॉम्प्युटरच्या कुशीत पंधराचा बल्ब लावून ठेवायचो. हिरा म्हणायची, 'मला कधी स्वेटर आणला नाही, त्याला शेकोटी!'

मग तिची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. तरी घरी आली की बसायची, बोटं सुजलेली, वेग दहावर आलेला. टक... टक... टक. मला तो चाळीसचा वेग परत पाहिजे होता हो. म्हटलं, भांड माझ्याशी, काय वाट्टेल ते लिही, पण जोरात लिही. आणि मार्चमध्ये गेली.

आता मला सांगा, डी कुणाची? वारसाची! म्हणजे माझी आणि अनघाची. अनघा म्हणाली, 'पप्पा, आईचं ते तुम्हीच वाचा.' पण असं लगेच शिरतात का? वारसनोंदीलासुद्धा नोटीस काढतात, हरकतीसाठी पंधरा दिवस देतात. मी दोन वर्षं दिली. कुणाची हरकत आली नाही. हरकत घेणारी होती एकच, आणि ती येईल म्हणून तर थांबलो होतो ना मी!

ठरवलं, दुसऱ्या स्मृतिदिनाला वाचायचं. शनिवार येत होता. सकाळी विहारात पुण्यानुमोदन, दुपारी पाहुणे गेले, की दार लावून बसायचं आणि पहिल्या तारखेपासून सुरुवात करायची. जे काय असेल ते. शिव्या तर शिव्या. निदान तिचा आवाज तरी ऐकायला मिळेल, ह्या भुकेनं बसलो होतो मी.

म्हणून जानेवारीत यंत्र चालू करून बघितलं, तर पडद्यावर काय? डिस्क नाही! सी नाही, डी नाही, काही नाही! तुम्हाला सांगतो, घाम फुटला मला, जानेवारीत, लोणावळ्यात! धावत बाजारात गेलो रमीजकडं. रमीजचं दुरुस्तीचं दुकान आहे. वडील ताजुद्दीनभाई रेडिओ दुरुस्त करायचे, त्यांच्याकडून ह्याला जुन्या यंत्रांची माया आलीय. पन्नाशीला आलाय आता. आला बिचारा लगेच. 'जयभीम काका. कुठंय आपलं म्हातारं?' दोन तास झगडला आणि म्हणाला, 'काका, असं असतं बघा. डिस्कच्या अगदी पहिल्या पानावर लिहिलेलं असतं, कुठला भाग कुठून सुरू होतो आणि कुठं संपतो. ते पानच खराब झालंय. आतला माल असेल जागच्या जागी, पण यंत्राला दिसत नाही.'

मी ओरडलोच, 'म्हणजे खुणेचे दगड गेलेत! शेत आहे!'

'हां... तसंच म्हणा.'

त्यानं शोधून शोधून आकडे काढले, परत त्या पानावर लिहिले, यंत्र बंद करून चालू केलं, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत आलं नाव. हिरा. अहो, मी भिंतीला धरलं! खाली यादी पळायला लागली, अकराशे त्रेचाळीस फाइली! नावं म्हणजे नुसत्या तारखा. मी म्हटलं, रमीज, बस, पुढं नको, आणि तोंड फिरवलं. पण फिरवता फिरवता एक तारीख दिसलीच. चौदा ऑगस्ट दोन हजार चार. ती तारीख मला पाठ आहे, कारण लोणावळ्यात एवढी वर्षं काढून आम्ही दोघं एकदाच टायगर पॉइंटला कणसं खायला गेलो, ती त्या दिवशी! भांडण झालंच नव्हतं त्या दिवशी! मग लिहिलं काय असेल हो तिनं? दोन महिने झोप नाही मला त्या तारखेनं.

आता इथून पुढं नीट ऐका, कारण इथंच लोक मला वेड्यात काढतात. रमीज निघताना म्हणाला, 'काका, दोन कामं करू. एक, ही हद्दींची माहिती फ्लॉपीवर काढून ठेवा, म्हणजे परत असं झालं तर पाच मिनिटांत जागेवर. पाचशे बारा अक्षरं आहेत फक्त. आणि दुसरं, डीमधला सगळा माल मी पेन ड्राइव्हवर कॉपी करून देतो.'

म्हटलं, 'कॉपी करायला तुला आत जावं लागेल?'

'जावं तर लागेल काका. वाचणार नाही मी.'

'रमीज,' म्हटलं, 'तू माझ्या पोरासारखा आहेस, पण त्या हिश्शात सव्वीस वर्षं मी पाऊल टाकलं नाही. तू कुठं निघालास?'

तो म्हणाला, 'काका, ती फ्लॉपी म्हणजे नुसता नकाशा आहे हो.'

मला म्हणाला! मला! 'नुसता नकाशा'! अरे, नकाशावर अख्खा तालुका उभा आहे! माणसं मरतात, भाऊ फुटतात, बंगले उठतात, टिपण राहतं! मी त्याला एका पावसाळ्यातली गोष्ट सांगितली. आंद्रा नदीला पूर आलेला, टाकव्याच्या खालच्या अंगाची भातखाचरं गाळाखाली, बांध गेले, दगड गेले, सगळा एक सपाट चिखल, आणि लोक छाती पिटतायत, 'आमचं शेतच गेलं!' मी गेलो, टिपण काढलं, चार दिवसांत एकूण एक दगड जागेवर. आणि पुढच्या वर्षी त्याच खाचरांत इंद्रायणी तांदूळ डोलत होता! जमीन कुठं पळून जाते का? दप्तर पक्कं पाहिजे! रमीजनं मान हलवली. चहा पिऊन गेला.

मग फ्लॉपी शोधायचं आलं. बाजारात विचारलं तर दुकानदार म्हणतो, 'ते काय असतं?' दुसरा म्हणतो, 'टोपी हवीय का? फ्लॉपी हॅट? पर्यटक नेतात.' शेवटी माळ्यावर सापडल्या दहा, नऊंना बुरशी, एक चांगली. तिच्यावर ती पाचशे बारा अक्षरं काढली. ते आकडे कागदावर उतरवले, सुवाच्य अक्षरात. डिस्कचा नकाशा काढला, प्रमाणात! सी हिरवी, डी गुलाबी, मध्ये तांबड्या शाईनं हद्द, उत्तर दिशेचा बाण. हो, बाण काढला! सवय असते हाताला! खाली सही, तारीख. लॅमिनेशन. तुम्हाला सांगतो, अख्ख्या नोकरीत एवढं सुंदर टिपण माझ्या हातून झालं नव्हतं. दप्तर पक्कं!

आणि शनिवार दोन दिवसांवर आला असताना ते म्हातारं टकटक करायला लागलं. डिस्कमधून आवाज, टक-टक-टक. तपासणी लावली तर पडद्यावर तांबडे ठिपके, इथं जागा खराब, तिथं जागा खराब. रमीजला फोन लावला, तर तो भाचीच्या लग्नाला मिरजेला. मागं बेंजो वाजतोय, हा ओरडतोय, 'काका! हात लावू नका! मी सोमवारी येतो! सोमवारपर्यंत बटणसुद्धा दाबू नका!'

सोमवारी! आणि माझा शनिवार? अहो, जन्मभर मी लोकांना तारखा दिल्या. 'मोजणी पुढच्या महिन्यात, अर्ज करा, थांबा.' कधी घाई केली नाही. आणि आयुष्यात एकदा, एकदाच मला थांबणं जमलं नाही हो. दोन वर्षं थांबलेला माणूस दोन दिवस थांबला नाही!

रमीजनं दुरुस्तीची एक सीडी ठेवली होती माझ्याकडं. तिच्यात एक सोय होती, डिस्क मुळापासून साफ करायची. म्हणजे सगळीकडं शून्य भरायचं, खराब जागा बाजूला निघतात, डिस्क परत चालते. खाली तांबड्या अक्षरांत इशारा, 'डिस्कवरील सर्व काही नष्ट होईल. पुढे जायचे?' मी वाचला, चष्मा पुसून दोनदा वाचला! आणि तुम्हाला सांगू, माझ्या मनात काय आलं? गाळ! म्हटलं, हा गाळ आहे. पूर येईल, दगड वाहून जातील, चिखल होईल, पण टिपण आहे माझ्याकडं! तीन प्रतींत! गाळ निघाला की दगड रोवायचे, की शेत वर! आणि जानेवारीत ह्याच डोळ्यांनी बघितलं होतं ना मी, आकडे लिहिले आणि हिरा परत आली! मग मी 'हो'चं बटण दाबलं. ह्या बोटानं. हे बघा, हे.

चार तास लागले. मी शेजारी बसून तांदूळ निवडत होतो पुण्यानुमोदनाच्या जेवणाचा.

मग फ्लॉपी घातली, पाचशे बारा अक्षरं परत लिहिली, त्या सीडीवरूनच यंत्र परत चालू केलं, आणि आली! सी आली! डी आली! एक आकडा इकडचा तिकडं नाही, सुरुवात तीच, शेवट तोच, माझ्या टिपणाबरहुकूम! मी टाळी वाजवली हो, एकटाच, घरात! आणि डीमध्ये जायचं बटण दाबलं. सव्वीस आणि दोन, अठ्ठावीस वर्षांनी पहिल्यांदा, हात जोडून, मनात म्हटलं, हिरा, येऊ का?

पडदा म्हणतो, हा भाग वाचता येत नाही. सोडून देता, पुन्हा प्रयत्न करता, की हरलात? असे तीन पर्याय देतं ते यंत्र. इंग्रजीत देतं, पण अर्थ तोच. मी म्हटलं, पुन्हा प्रयत्न. परत तेच. पुन्हा प्रयत्न. परत तेच. पुन्हा प्रयत्न! शंभरदा दाबलं असेल, अंगठा दुखायला लागला. शनिवार उजाडला, विहारात लोक जमले, भन्तेजी आले, आणि माझं चित्त तिथं नाही, माझं आपलं मनात चालू, पुन्हा प्रयत्न, पुन्हा प्रयत्न.

सोमवारी रमीज आला. हाताला मेंदीचा डाग, लग्नाचे लाडू घेऊन आला होता. मी नकाशा दाखवला, म्हटलं, बघ, हद्द जुळतीय! तंतोतंत जुळतीय! त्यानं यंत्र उघडलं, आतलं बघितलं. पडद्यावर शून्य. पुढचं पान, शून्य. त्याच्या पुढचं, शून्य. असा पळवत राहिला, पाच मिनिटं, दहा मिनिटं, डोळे पुसायला लागला. मग अगदी हळू म्हणाला, 'काका, तुम्ही दगड बरोबर रोवलेत. पण तुमच्या त्या पुरात माती तिथंच राहिली होती. ह्याच्यात तुम्ही माती काढून टाकलीत.'

लाडवांचा डबा तसाच राहिला टेबलावर. पुण्याला पाठवली डिस्क एका मोठ्या ठिकाणी, अशी गेलेली माहिती काढून देणारे असतात. त्यांचं पत्र आलं, भाग सुस्थितीत आहेत, आत काही नाही. सुस्थितीत! म्हणजे त्यांनीही मान्य केलं बघा, दप्तर पक्कं आहे माझं.

मला सहन होईना. मग मी सुदुंबऱ्याला गेलो, झुंबरबाईकडं. झुंबरबाई म्हणजे हिराची धाकटी बहीण, गावातल्या गावातच दिलेली, दोघींचा एकमेकींवर फार जीव. म्हटलं, हिला तरी काही बोलली असेल. झुंबरबाई ओट्यावर शेंगा फोडत बसलेली. मी सगळं सांगितलं, अथपासून इतिपर्यंत, शून्यापर्यंत. ती माझ्याकडं बघायला लागली.

'दाजी, म्हंजी तुमी येकदाबी वाचलं न्हाई?'

'नाही.'

'सव्वीस वर्सांत?'

'शब्द दिला होता मी!'

हातातली शेंग खाली पडली तिच्या. 'आवं दाजी! तुमी वाचावं म्हनूनच लिवायची की वो ती!'

मला काही कळेना.

'मला म्हनायची, झुंबरे, ह्या मानसाला तोंडानं सांगाया गेलं की ह्यो मला कायदा सांगतोय. म्हनून लिवून ठिवते. कदी ना कदी चोरून वाचील. आन म्हनून तर हितं येऊन ऱ्हायाची आठ-आठ दिस! न्हाईतर तिला काय काम व्हतं हितं? माजी सासू तिला लाकडं वडाया लावायची! तरीबी ऱ्हायाची. म्हनायची, आज वाचत असतील बग. आन तिकडं घरला गेली का सांजच्याला मला फोन, न्हाई वाचलं गं. तोंडावरनंच कळतं.'

अहो, आठवलं मला! माहेरून आली, की पिशवी खाली ठेवायच्या आधी माझ्या तोंडाकडं बघायची. अशी टक लावून! मला वाटायचं, तब्येत बघतेय माझी! मी म्हणायचो, 'जेवलो होतो हं मी वेळेवर, काळजी करू नकोस!' सव्वीस वर्षं तिनं माझं तोंड वाचलं, आणि दर वेळी मी तिला जेवल्याचं सांगितलं!

मी झुंबरबाईला विचारलं, 'काय लिहायची? नुसत्या शिव्याच ना?'

'समद्या शिव्याच न्हवत्या, येवढं म्हनली व्हती.'

'मग?'

'आता ते मला काय म्हाईत दाजी? नवरा-बायकोचं. ते तुमास्नी ठावं पायजे.'

घ्या! ते मला माहीत पाहिजे! अहो, ह्या मावळात मी बांध कोरणारे बघितले, भिंती सरकवणारे बघितले, दुसऱ्याच्या विहिरीवर रात्रीत मोटर बसवणारे बघितले, एकालाही लाज वाटली नाही. आणि ज्या एका शेतात मी शिरावं म्हणून मालकीण सव्वीस वर्षं फाटक सताड उघडं टाकून माहेरी जाऊन बसत होती, तिथं मी बाहेर उभा! टोपी सावरत! नियमानं! एकदा, एकदा तरी चोरासारखं आत गेलो असतो तर... चौदा ऑगस्टची तेवढी एक फाइल वाचली असती तरी पुरलं असतं हो मला. तिनं बोलवलं आणि मी गेलो नाही. तिला वाटलं असेल, ह्याला माझं काही ऐकायचंच नाही. आणि तसंच वाटून गेली ती. हे कुठल्या टिपणात लिहू मी?

तुम्ही पाणी घ्या, पाणी. माझं सोडा.

हां, यंत्र आहे अजून. रमीजनं फुकट नवं काळीज घातल्यासारखी कुठूनशी तसलीच एक जुनी डिस्क शोधून आणली, माझ्या टिपणाचे आकडे बघून तशीच्या तशी सी आणि डी पाडली, आणि मला न विचारता डीला हिरा नाव घातलं. चालतं आता, आवाज नाही, टकटक नाही. मी सीमध्ये पत्ते खेळतो. शेजारची डी रिकामी, सहाशे एमबी. परवा अनघा आली होती तळेगावहून. माझ्या मागं उभी राहून माझा डाव बघत होती. मग म्हणाली, 'पप्पा, असं किती दिवस चालणार? तुम्ही लिहा ना काहीतरी आईला. जे बोलायचं राहिलं ते. मन हलकं होईल. डी रिकामीच तर आहे, तिथंच लिहीत जा.'

मी वळून तिच्याकडं बघितलं. म्हटलं, 'अगं... तिला न विचारता?'